ट्रेलरचं बाथरूम दुपारी तापतं: मोठा पंखा बसवू की आणखी काही करू?

ऊनसावली:
नमस्कार मंडळी. कॅम्पर ट्रेलर साधारण ६ मीटरचा आहे. बाथरूम मागच्या कोपऱ्यात, आतून १.५ × ०.९ मीटर आणि उंची १.९५ मीटर. शॉवरच्या डोक्यावर ५५ × ७५ सेंमीचा घुमटासारखा पारदर्शक स्कायलाइट. कमोडच्या वर ३५ सेंमी चौकोनी व्हेंट, पण त्यात बसवलेला पंखा जेमतेम १५ सेंमीचा. एसी मधल्या खोलीच्या छतावर आहे आणि खाली थेट तिथेच हवा सोडतो, डक्ट (हवा दुसरीकडे नेणारी नळी) नाही. बाथरूमच्या एका भिंतीपलीकडे गॅस आणि वीज दोन्हींवर चालणारा फ्रीज आहे.

बाहेर ३८-४० असलं तरी मधल्या खोलीत २६-२७ टिकतं. बाथरूमचं दार उघडलं की मात्र झळ अंगावर येते, चारच्या सुमारास आत ४० च्या वर जातं. प्रश्न असे:

१) १५ सेंमीचा पंखा काढून ३५ सेंमीचा मोठा बसवला तर फरक पडेल का?
२) स्कायलाइट आतून चंदेरी फॉइलने बंद करावा का?
३) एसीची हवा तिथपर्यंत कशी न्यायची?
४) पंखा लावला की कधी कधी कमोडखालच्या मैल्याच्या टाकीचा वास येतो, तो का?

छप्परदुरुस्ती:
पंख्याला आत्ताच हात लावू नका, आधी ऊन अडवा. कडक उन्हात आडव्या पृष्ठभागावर दर चौरस मीटरला साधारण १००० वॉट उष्णता पडते. तुमचा स्कायलाइट ०.४१ चौरस मीटरचा, म्हणजे त्यावर ४०० वॉट. घुमट पारदर्शक असेल तर त्यातले ३०० च्या वर आत येतात. एवढ्याशा खोलीत तीनशे वॉटचा हीटर दुपारभर लावून ठेवल्यावर कुठलाही पंखा काय करणार?

फॉइल आतून लावू नका, निदान घुमटाला चिकटवून तरी नाहीच. आतून लावलं की ऊन घुमट ओलांडून आलेलं असतं. त्यातलं काही परत जातं, बाकीचं घुमट आणि फॉइल यांच्यामध्ये कोंडतं. हे घुमट बहुतेक ॲक्रिलिकचे असतात आणि ८० अंशांच्या पुढे ॲक्रिलिक नरम पडू लागतं. रोज तापून-निवून स्क्रूच्या भोकांपासून चिरा पडतात. मग पहिल्याच पावसात शॉवर न लावता शॉवर.

आच्छादन बाहेरून हवं:

- पांढरं किंवा फिकट कापड, कॅनव्हास किंवा ८०-९० टक्के सावली देणारी दाट शेडनेट. काळी नेट स्वतः तापते, पण घुमटापासून वर असेल तर चालते.
- घुमटाच्या चारही बाजूंनी १५ सेंमी जास्त ठेवून कापा. फक्त घुमटाच्या मापाचं कापलं तर तिरपं ऊन बाजूने आत येतं, आणि चारचं ऊन तिरपंच असतं.
- कापड घुमटाला टेकू नये. मध्ये ४-५ सेंमी मोकळी जागा हवी आणि कडेने वारा खेळायला हवा. घुमटाच्या दोन बाजूंना पातळ ॲल्युमिनियम पट्टीच्या कमानी उभ्या करून त्यावर कापड ताणलं की काम होतं.
- कमानींसाठी छताला नवी भोकं पाडू नका. स्कायलाइटच्या चौकटीला जे स्क्रू आहेत त्यातलेच चार काढून, त्याच भोकांत ब्यूटाइल टेपचा (पाणी अडवणारी मऊ, चिकट पट्टी) तुकडा घालून पट्टी कसा. वरून छपरासाठीचं आपोआप पसरणारं सीलंट.

छत रबराचं असेल तर सिलिकॉन वापरायचं नाही. ते रबरावर नीट धरत नाही, आणि एकदा लागलं की त्यावर दुसरं काहीच चिकटत नाही. साफ करायला पेट्रोल, टर्पेंटाइन असलं काही लावू नका. त्याने रबर फुगून बुडबुडे येतात. साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश पुरे. पांढरं छत धुतलं तरी उन्हात बराच फरक पडतो, कारण वर्षभराची धूळ बसलेलं पांढरं छत पांढरं उरलेलंच नसतं.

आतल्या बाजूला काही करायचंच असेल तर दुधी रंगाच्या, पोकळ कप्प्यांच्या पॉलिकार्बोनेट शीटचा तुकडा आतल्या चौकटीत बसवा. उजेड येतो, वरची गरम हवा खाली कमी उतरते. पण हे बाहेरच्या कापडानंतरचं काम.

बाराव्होल्ट:
उन्हाबद्दल सहमत. पंख्याबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण सगळे इथेच चुकतात.

तुमच्या खोलीचं आकारमान २.६ घनमीटर. १५ सेंमीचा साधा पंखा तासाला ८५ घनमीटर हवा काढतो असं धरा. या हिशोबाने दोन मिनिटांच्या आत अख्ख्या खोलीची हवा बदलायला हवी. बदलत नाही, कारण आत येणारी हवा कुठून येणार? दाराखालची फट पाहा. ६० सेंमी रुंद आणि १ सेंमी उंच म्हणजे ६० चौरस सेंमी. एवढ्या फटीतून ८५ घनमीटर ओढायचे तर हवेचा वेग सेकंदाला ४ मीटर लागतो. पात्यांच्या स्वस्त पंख्यात तेवढी ओढ नसते. आवाज करतो, हवा हलत नाही. त्याच्या जागी मोठा पंखा लावला तर तो त्याच फटीवर जास्त आवाज करेल, एवढंच.

म्हणून आधी दारात खालच्या बाजूला ३० × १५ सेंमीची जाळी बसवा. पट्ट्या उलट्या व्ही आकाराच्या असतात ती घ्या, पलीकडचं दिसत नाही. जाळीची निम्मी जागा पट्ट्यांत जाते असं धरलं तरी २२५ चौरस सेंमी उरतात आणि हवेचा वेग सेकंदाला १ मीटरवर येतो. ट्रेलरची दारं पोकळ असतात: दोन पातळ पत्रे आणि कडेला लाकडी पट्टी. कापण्याआधी ठोकून बघा, आडवी पट्टी कुठे आहे ते कळतं. कापलेल्या कडेला आतून १५-२० मिमीच्या लाकडी पट्ट्या चिकटवा, नाहीतर जाळीचे स्क्रू नुसत्या पत्र्यात धरत नाहीत.

आता महत्त्वाचं. एसी चालू असताना एक्झॉस्ट पंखा लावून ठेवू नका. जेवढी हवा तो बाहेर फेकतो तेवढीच ४० अंशांची हवा खिडक्यांच्या आणि दाराच्या फटींतून आत येते. १५ सेंमीच्या पंख्यानेही मधली खोली दमते. ३५ सेंमीचे चांगले पंखे पूर्ण वेगात तासाला १५०० घनमीटरच्या आसपास ओढतात, तिथे तर एसीचं काही चालतच नाही. एसी चालू असेल तर पंखा फक्त आंघोळीच्या वेळी आणि नंतर दहा-पंधरा मिनिटं. एसी बंद असेल तर दुपारभर चालू दे, आणि खिडकी सावलीच्या बाजूची उघडा.

आंघोळीनंतर तरी का, हेही सांगतो. १ लिटर पाणी वाफ होऊन हवेत मिसळलं आणि ते एसीला पुन्हा गाळायला लावलं तर ०.६८ किलोवॉट-तास उष्णता एसीच्या अंगावर पडते. वाफ थेट बाहेर काढणं स्वस्त. त्याआधी भिंती आणि तळ रबरी पट्टीने निपटून घ्या.

ऊनसावली:
धन्यवाद. इन्फ्रारेड थर्मामीटरने चार वाजता मोजलं: स्कायलाइटचा आतला घुमट ५८, छत ४१, बाहेरची भिंत ३९, फ्रीजकडची भिंत वरच्या भागात ४७, जमीन ३३. फ्रीजची भिंत एवढी गरम असणं बरोबर आहे का? आणि एसीच्या हवेचं काय?

बाराव्होल्ट:
५८ चा घुमट बघितल्यावर पहिल्या प्रतिसादातलं काम आधी करा हे सांगायला नको.

(थर्मामीटरबद्दल एक: चकचकीत धातू किंवा फॉइलवर तो चुकीचा आकडा दाखवतो, बहुधा कमी. तिथे मास्किंग टेपचा तुकडा चिकटवून, दोन मिनिटं थांबून टेपवर मोजा.)

एसीची हवा न्यायची तर डक्ट टाकायची गरज नाही. मधली खोली आणि बाथरूम यांच्यातल्या पार्टिशनमध्ये १२० मिमीचा, १२ व्होल्टचा, कॉम्प्युटरमध्ये असतो तसा पंखा बसवा. ०.२-०.३ अँपिअर घेतो, रात्रभर चालला तरी बॅटरीला जड नाही. कसा बसवायचा:

पंखा खाली, जमिनीपासून २०-३० सेंमीवर, तोंड बाथरूमकडे. गार हवा खालीच असते, तीच ढकलायची. परतीची जाळी वर, छतापासून १० सेंमीवर, त्याच पार्टिशनमध्ये किंवा दाराच्या वरच्या भागात. एकाच उंचीवर दोन्ही ठेवले तर गार हवा आत येऊन तशीच परत जाते आणि वरची गरम हवा हलत नाही.

पंखा पार्टिशनच्या कोरड्या बाजूला, म्हणजे मधल्या खोलीत असावा. शॉवरचे शिंतोडे थेट पडतील अशा जागी भोक नको. चार्जर चालू असताना ओळीवर १४.४ व्होल्टपर्यंत दाब जातो, त्यात १२ व्होल्टचे पंखे लवकर जातात. मध्ये छोटा १२ व्होल्टचा रेग्युलेटर टाका. १ अँपिअरचा फ्यूज.

असा पंखा कागदावर तासाला १०० घनमीटर देतो, जाळ्यांतून निम्मे धरा. २७ अंशांची ५० घनमीटर हवा आत जाऊन ३७ अंशांना बाहेर आली तर ती जवळपास १६० वॉट उष्णता घेऊन जाते. आता वरचा स्कायलाइटचा आकडा आठवा: ३०० च्या वर. उघड्या स्कायलाइटपुढे हा पंखा हरतो. कापडाने तो आकडा ५०-६० वर आणलात तर हाच पंखा पुरून उरतो. क्रम बदलला की पैसे वाया.

चूलबंब:
फ्रीजच्या भिंतीचं मी घेतो. ४७ बरोबर नाही. गॅसवर चालणाऱ्या फ्रीजच्या पाठीमागून गरम हवा चिमणीसारखी वर जाऊन छतावरच्या किंवा वरच्या बाजूच्या जाळीतून निघून जायला हवी. तुमच्याकडे ती तिथे रेंगाळते आहे. शोधायच्या जागा:

बाहेरची खालची जाळी उघडून टॉर्च मारा. पाठीमागची कॉइल आणि ट्रेलरची भिंत यांच्यात फार मोठी पोकळी असेल तर हवा कॉइलला न लागता मधून निसटते आणि वरच्या कोपऱ्यात गरम हवेचा साठा होतो. पोकळी साधारण २५ मिमीवर आणायची असते. त्यासाठी ॲल्युमिनियमचा पत्रा वाकवून आडोसा करा. नक्की अंतर फ्रीजच्या पुस्तिकेत दिलेलं असतं, तेच धरा. आडोशासाठी थर्मोकोल, फोम असलं काही वापरायचं नाही, तिथे बर्नरची चिमणी आहे. उष्णतारोधक हवंच असेल तर रॉकवूल, तेही चिमणीपासून लांब.

मग फ्रीजच्या कप्प्याची बाथरूमकडची बाजू पाहा. कारखान्यातून येताना तिथल्या फटी बऱ्याचदा तशाच सुटलेल्या असतात. बाथरूमच्या बाजूने हात फिरवला की झळ कळते. त्या ॲल्युमिनियम फॉइल टेपने बंद करा. कापडी डक्ट टेप उष्णतेत गोंद सोडतो. हे फक्त गारव्यासाठी नाही: बर्नरचा धूर आत येऊ नये म्हणून हा कप्पा राहत्या जागेपासून पूर्ण बंद असायलाच हवा. तुम्ही एक्झॉस्ट पंखा लावता तेव्हा आत हवेचा दाब कमी होतो आणि अशा फटीतून तो धूर ओढला जाऊ शकतो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहे का, आजच तपासा.

वरच्या जाळीच्या आत १२ व्होल्टचे दोन पंखे, थर्मोस्टॅटसह, बाहेर हवा फेकतील असे बसवले तर फ्रीजही नीट गार राहतो. आणि गीझर सकाळी आंघोळ झाली की बंद. त्याच्या टाकीची उष्णता दिवसभर शेजारच्या कपाटात झिरपत असते.

कोरडीहवा:
एक सोपा उपाय कोणीच सांगितला नाही. छोटा वॉटर कूलर नाहीतर ओला टॉवेल व्हेंटखाली टांगा. पाच मिनिटांत गार.

छप्परदुरुस्ती:
हवा कोरडी असेल तरच. ४० अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर पाणी उडून हवा जास्तीत जास्त २१ अंशांपर्यंत उतरू शकते. प्रत्यक्षात तेवढी नाही, तरी जाणवण्याइतकी. ३५ अंश आणि ७० टक्के असेल तर ती मर्यादाच ३० वर येते, आणि अंगाला चिकचिक जास्त. शिवाय ओला टॉवेल लावायचा तर एक्झॉस्ट चालू हवा आणि बाहेरची कोरडी हवा सतत आत यायला हवी. बंद खोलीत टांगला तर थोड्या वेळात हवा पाण्याने भरते आणि गारवा थांबतो. एसी चालू असताना तर नकोच, वरचा ०.६८ चा हिशोब पाहा.

कोरडीहवा:
मान्य, कोरड्या भागापुरतंच म्हणत होतो. तिथे एक करा: टॉवेल व्हेंटखाली नाही, दारातल्या खालच्या जाळीसमोर टांगा, म्हणजे आत येणारी हवा त्यातून जाते. मी वर सांगितलेल्या जागी टांगला तर गार झालेली हवा थेट बाहेर.

पाणीगळती:
चौथ्या प्रश्नाला कोणी हात लावला नाही. वासाचं कारण तेच, आत हवेचा दाब कमी होणं. पंख्याला हवा हवी असते, दाराखालून मिळाली नाही तर तो ती जिथून मिळेल तिथून ओढतो, आणि सगळ्यात सोपा रस्ता टाकीतून असतो. बंद बाटलीला तोंड लावून ओढल्यासारखं. दारात जाळी बसली की निम्मा वास तिथेच जाईल. उरलेल्यासाठी:

फ्लश करण्याआधी पंखा बंद करा. पॅडल दाबताच टाकीचं तोंड उघडतं आणि चालू पंखा वर ओढतो. फ्लश, पॅडल सोडलं, मग पंखा.

भांड्यात नेहमी २-३ सेंमी पाणी राहू दे. उन्हात ते उडतं आणि खालचं रबरी सील कोरडं पडून त्याला बारीक चिरा जातात. पाणी ठेवूनही हळूहळू उतरत असेल तर सील बदलायला झालंय.

शॉवरच्या आणि बेसिनच्या खाली पाइपला जो वाकडा भाग असतो त्यातलं पाणी गरमीत आठवड्याभरातसुद्धा आटू शकतं. ट्रेलर उभा असेल तर दोन्हीकडे एकेक ग्लास पाणी ओता. बेसिनखाली काळ्या टोपीची छोटी झडप असते, हवा आत घेते पण बाहेर सोडायची नसते. तिची रबरी चकती उन्हाने कडक होऊन उघडीच राहते. हाताने फिरवून निघते, नवी घालणं दोन मिनिटांचं काम. पुष्कळदा वासाचा उगम हीच असते आणि लोक टाकीत औषधांवर औषधं ओतत बसतात.

आणखी एक: दुपारी एसी बंद करून ट्रेलर बंद ठेवणार असाल तर बाथरूमच्या कपाटातून डिओचे आणि शेव्हिंग फोमचे डबे काढा. त्यांवर ५० अंशांपेक्षा जास्त तापवू नये असं छापलेलं असतं, आणि घुमटाखालच्या कपाटाला ५० गाठायला वेळ लागत नाही.

ऊनसावली:
खूप उपयोगी. कापड आणि जाळी या आठवड्यात. त्यानंतरही ३५ सेंमीचा पंखा बसवायचा ठरवला, एसी नसतानासाठी, तर जुन्या पंख्याच्याच वायरवर चालेल का? आणि स्कायलाइटवरचं कापड प्रवासात राहू दिलं तर?

बाराव्होल्ट:
वायर आधी मोजा. जुन्या पंख्याला बहुधा ०.७५ चौरस मिमीची असते. फ्यूज पेटीपासून ६ मीटर अंतर म्हणजे जाऊन-येऊन १२ मीटर. मोठा पंखा पूर्ण वेगात ४ अँपिअर घेतो, त्यावर या वायरीत १.१ व्होल्ट पडतात. १२ चे ११ सुद्धा उरत नाहीत, पंखा हळू चालतो आणि त्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर कधी कधी सुरूच होत नाही. २.५ चौरस मिमीची ओढलीत तर ०.३५ व्होल्टच्या आतच पडतात. नवी वायर ओढणं शक्य नसेल तर पंखा कमी वेगावरच वापरा, एवढ्या बाथरूमला तोच पुरतो. फ्यूज पंख्याच्या पुस्तिकेप्रमाणे, पण वायरीला झेपेल त्याच्यापेक्षा मोठा कधीच नाही.

तुमचं भोक आधीच ३५ सेंमीचं आहे, छत कापावं लागणार नाही. जुनं सीलंट प्लास्टिकच्या पट्टीने काढा. हीट गन वापरली तर अगदी कमी तापमानावर, रबर लगेच सुरकुततं. घेण्याआधी छताची जाडी मोजा, आतली चौकट त्या जाडीला पुरेल अशी हवी. नव्या चौकटीखाली ब्यूटाइल टेप, स्क्रू समोरासमोर थोडे थोडे कसत न्यायचे, मग बाहेर आलेली टेप कापून स्क्रूंवर आणि कडेवर सीलंट. दोन्ही दिशांनी फिरणारा पंखा घेतलात तरी बाथरूमचा नेहमी हवा बाहेर फेकण्यावरच ठेवा. उलटा फिरवला तर वाफ आणि वास मधल्या खोलीत.

छप्परदुरुस्ती:
कापड प्रवासात काढायचं. वाऱ्याने ते फडफडून घुमटावर घासतं आणि कमानी स्क्रूसकट उचकटतात. कमानी आडव्या पाडता येतील अशा बिजागरीवर घेतल्यात तर त्या राहू शकतात. छतावर चढताना पाय छताखालच्या आधाराच्या पट्ट्यांच्या ओळीवर ठेवा, दोन पट्ट्यांच्या मधल्या पातळ प्लायवर नाही.